शहापूरची लाकडाची भट्टी: आनंद बाजारासाठी नानकटाई पाडायला एकदम बेस्ट

शाळेच्या आनंद बाजाराला घरची बिस्किटं ठेवायची असतील तर सरळ बेळगावच्या शहापूरला जुन्या लाकडाच्या भट्टीवर जावा, ओव्हनच्या नादाला लागू नका. घरच्या ओटीजीत एका ट्रेला 16-18 नग बसतात, एका घाण्याला 20 मिनिटं, आणि आपल्याला पाहिजेत 300 च्या वर, म्हणजे सहा तास ओव्हनपुढंच उभं राहायचं आणि मधेच करंट गेला की संपलंच सगळं. भट्टीत तेवढंच काम तासाभरात होतंय.

सामान सगळं आपलं न्यायचं, मजुरी तेवढी त्यांची, मैद्याच्या किलोमागं 60 रुपये घेतले. आमचं प्रमाण 1 किलो मैद्याला 600 ग्रॅम तूप, तेवढीच पिठीसाखर, मूठभर बेसन, वेलदोडे आणि चिमूटभर सोडा. 20 ग्रॅमचा गोळा धरला तर किलोला शंभराच्या वर नग पडतात. डालडा घातला तर स्वस्त पडतंय पण आम्ही नकोच म्हटलं, येळ्ळूर-उचगावच्या पालकांनी घरचं म्हशीचं तूप दिलं, पांढरंशुभ्र, रवाळ, त्यामुळं नानकटाई फिकट रंगाची आणि तोंडात टाकली की विरघळणारी झाली. विकत तूप घेतलं असतं तर निम्मे पैसे त्यातच गेले असते, आणि हे पैसे मुलांच्या वाचनालयात मराठी पुस्तकं घ्यायला आहेत, आपल्याकडं त्याची किती गरज आहे हे वेगळं सांगायला नको.

भट्टीवाल्या मामांचं काम मात्र बघण्यासारखं. पहाटे पाव निघतो तेव्हा भट्टी कडक तापलेली असते, त्यात नानकटाई टाकली तर वरनं करपणार आणि आत कच्ची राहणार, म्हणून पाव काढून झाल्यावर आच उतरेपर्यंत थांबवतात. मग निखारे बाजूला ओढून तळावर ओलं पोतं फिरवतात आणि चिमूटभर मैदा आत भिरकावतात, तो लगेच काळा पडला तर अजून थांबा, सावकाश बदामी झाला तरच ट्रे आत. ना काटा ना थर्मामीटर, पण अंदाज एकदाही चुकला नाही हो! नाचणी-गुळाची बिस्किटं त्यांनी मुद्दाम सगळ्यात शेवटी लावली, गूळ लवकर जळतो म्हणून. नाचणीत निम्मी कणीक घाला हे पण त्यांनीच सांगितलं, नुसत्या नाचणीला चिकटपणा नसतो, हातात घेतलं की भुगा होतो.

दोन गोष्टी खटकल्या. मागच्या बाजूला आच जास्त असल्यामुळं तिकडचे ट्रे जरा लालसर झाले, मधे एकदा ट्रे फिरवायला आठवण करून द्यायला लागते. दुसरं म्हणजे त्यांच्या मिक्सरमध्ये अंड्याच्या केकचं पण पीठ होतं, आणि आनंद बाजारात अंडं न खाणाऱ्या घरची मुलं पण येणार, तेव्हा तूप-साखर घरीच हलकं होईपर्यंत फेसून पीठ मळूनच न्यायचं. आम्ही तसंच केलं आणि पाकिटावर काय काय घातलंय ते मराठी-कन्नड दोन्हीत लिहिलं. सहाचं पाकीट 50 रुपयांना ठेवलं होतं, दुपारच्या आत टेबल रिकामं, कितीतरी आजी-आजोबा तर वास घेऊनच ओळखले, भट्टीची आहे म्हणून!

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तिकडं जाऊ नका, डब्यांची रांग रस्त्यापर्यंत येते, बाकी वेळी आदल्या दिवशी सांगून ठेवलं की पुरतं. आणि झाकणाचे स्टीलचे डबे आपले न्या, पण गरम असताना झाकण लावू नका, आत वाफ धरली की दुसऱ्या दिवशी सगळी मऊ पडतात.