आधी हाक, मग पास: कोथरूडमधील एका फुटबॉल वर्गाविषयी

माझा अकरा वर्षांचा मुलगा जूनपासून कोथरूडमधील एका टर्फवर भरणाऱ्या फुटबॉल वर्गाला जातो. बहुतेक वर्गांत मुले समोरासमोर दोन रांगा करून चेंडू इकडून तिकडे ढकलत राहतात. असा पास दिसायला सुबक असतो, पण अंगावर धावून येणारे कोणी नसल्यामुळे सामन्यात त्याचा निभाव लागत नाही. येथे दुसऱ्याच आठवड्यात चौघांच्या चौकोनात चेंडू हिसकावणारे दोघे सोडले गेले. डच फुटबॉलपटू योहान क्रायफ प्रशिक्षक असताना स्पेनच्या बार्सिलोना क्लबच्या सरावाचा कणा ठरलेला ‘रोंडो’ हा सराव तो हाच.

चेंडू घेण्याचे शिक्षण ही या वर्गाची खरी जमेची बाजू. पास वाटेत असताना प्रशिक्षक मुलाच्या पाठीमागे बोटे उंचावतात आणि चेंडू पायाशी येण्याआधी मुलाने मान वळवून आकडा सांगायचा असतो. पहिले तीन दिवस माझ्या मुलाचा आकडा बरोबर येई आणि चेंडू तळव्याखालून निसटून जाळीला लागे. आता तो अंग अर्धे वळवून दूरच्या पायाने चेंडू घेतो, त्यामुळे पुढचा पास त्याला आधीच दिसलेला असतो.

बोलण्याबाबत एक गंमत झाली. ‘मागे!’ अशी हाक आली की काही मुले प्रतिस्पर्धी मागे आहे असे समजत, तर काही चेंडू मागे देत. शेवटी प्रतिस्पर्ध्यासाठी ‘आला’ आणि चेंडू परत मागण्यासाठी ‘परत’ असे शब्द ठरले. नुसते ‘माझा’ म्हणण्यास मनाई असून स्वतःचे नाव घ्यावे लागते, कारण ‘माझा’ ऐकून दोघेही थांबतात किंवा दोघेही धडकतात. गोलरक्षकालाही रोंडोत उभे केले जाते, हे मला विशेष पटले. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हातात घेण्यास 1992 पासून बंदी असल्यामुळे त्याचे पायही तयार असावेच लागतात.

तक्रारीही आहेत. सव्वीस मुलांमागे दोनच प्रशिक्षक असल्याने सरावाचा बराच वेळ रांगेत जातो. रविवारच्या सामन्यात प्रशिक्षक कडेने स्वतःच अखंड सूचना देतात, त्यामुळे आठवडाभर बोलायला शिकलेली मुले नेमकी तेव्हा गप्प होतात. (जाळीबाहेरून ‘मार, मार!’ ओरडणारे आम्ही पालकही यात निर्दोष नाही.) बारा वर्षांखालील मुलांना चार नंबरचा चेंडू योग्य असताना येथे सर्रास पाच नंबरचा, म्हणजे 68 ते 70 सेंटिमीटर परिघाचा, दिला जातो, तो लहान पायावरून उसळतो आणि चूक मात्र मुलाची ठरते. शुल्क तीन महिन्यांचे एकरकमी घेतात, परंतु पावसामुळे बुडालेली सत्रे भरून देत नाहीत.

पुढील तिमाहीचे पैसे मी भरले आहेत. चार नंबरचा चेंडू मात्र आम्ही घरून नेतो.