ईएमटीचा छोटा कोर्स की पॅरामेडिकची पदवी? बारावीनंतर ठरवताना

बारावीचा निकाल लागतो, नीटचे गुण मनासारखे येत नाहीत आणि मग पॅरामेडिकल कोर्सची चौकशी सुरू होते. ज्यांना लॅबमध्ये किंवा एक्स-रे मशीनपाशी काम करायचं नसतं, थेट पेशंटजवळ राहायचं असतं, त्यांच्यापुढे मुख्यतः दोन रस्ते असतात. एक काही महिन्यांचा ईएमटी-बेसिक, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा पहिल्या पायरीचा कोर्स, दुसरा तीन वर्षांची इमर्जन्सीतली, म्हणजे पॅरामेडिकची पदवी आणि त्यावर वर्षभराची इंटर्नशिप. फी आणि कालावधीची तुलना माहितीपत्रकात सापडते. मी कॅज्युअल्टीत शिकाऊ मुलांबरोबर काम करते, त्यामुळे मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कोर्स संपल्यावर अनोळखी, गंभीर पेशंट समोर आला, तर या मुलाला त्याची तपासणी नीट करता येईल का? आणि त्या तपासणीवरून पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं हे ठरवता येईल का?

अभ्यासक्रम कागदावर सारखेच दिसतात

दोन्हीकडे सुरुवात एकच असते. जागा सुरक्षित आहे का ते बघा, हातमोजे घाला, मग प्रायमरी सर्व्हे. रक्ताची धार लागली असेल तर आधी ती थांबवा. त्यानंतर श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी कपडे बाजूला करून अख्खं अंग बघणं, म्हणजेच सगळ्यांना पाठ असलेलं एबीसीडीई. पुढे लक्षणं, ॲलर्जी, औषधं, जुने आजार, शेवटचं खाणं, नेमकं काय घडलं अशी हिस्टरी. शुद्ध किती आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचे ३ ते १५ गुण. सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास. हे सगळं हुशार मुलगा आठवड्याभरात तोंडपाठ करतो, पुतळ्यावर करूनही दाखवतो.

अडतं ते पेशंटपाशी. श्वास मोजण्याचंच बघा. ‘तुमचा श्वास मोजते’ म्हटलं की पेशंटचा श्वास बदलतो. म्हणून मनगटावर बोटं तशीच ठेवायची, नाडी बघतोय असंच त्याला वाटू द्यायचं आणि नजर छातीवर ठेवून शक्यतो पूर्ण मिनिटभर मोजायचं. नवीन मुलं घाईत तक्त्यावर १८ किंवा २० लिहून मोकळी होतात. मिनिटाला २८ श्वास घेणारा माणूस कागदावर २० चा झाला, की तो गंभीर आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बीपी अजून चांगलं असतं. ऑक्सिमीटरचंही तसंच. गार पडलेल्या किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटावर तो भलताच आकडा दाखवू शकतो. यंत्राकडे आधी बघायचं की पेशंटच्या ओठांच्या रंगाकडे, हे पुतळ्यावर शिकता येत नाही.

साठीच्या मधुमेही काकू येतात, ‘पित्त झालंय, जबडा दुखतोय’ म्हणतात, कपाळावर घाम असतो. छातीत दुखत नाही म्हणून त्यांना बाकावर बसवायचं, की लगेच ईसीजी काढायचा? पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला मुलगा पहाटे पोटदुखीने उठतो, अंगावर कसलीच खूण नाही, पण पापण्या जड होऊन मिटत चालल्यात. मण्यार चावल्याची शंका ज्याला येते तो त्याच्या श्वासावर डोळा ठेवून अँटिव्हेनम (सर्पविषावरचं औषध) आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयाकडे निघतो. ज्याला येत नाही तो ॲसिडिटीची गोळी देतो. ही शंका यायला पूर्वी असे पेशंट कुणाच्या तरी देखरेखीखाली बघितलेले असावे लागतात.

ईएमटी-बेसिक: काय मिळतं, काय राहून जातं

हा कोर्स कमी प्रतीचा समजू नका. अमेरिकेतही ईएमटीची पहिली पायरी साधारण १५० ते १९० तासांत पूर्ण होते आणि तिथल्या कितीतरी ॲम्ब्युलन्स या पायरीवरच्या माणसांच्या भरवशावर चालतात. रक्तस्राव थांबवणं, मान स्थिर ठेवून पेशंटला बोर्डवर घेणं, ऑक्सिजन लावणं, सक्शन (घशातली लाळ, उलटी खेचून काढणं), एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र), गाडीत अचानक होणारं बाळंतपण, एवढं नीट येणारा माणूस जीव वाचवतो. घरची परिस्थिती वर्षभरात कमावण्याची मागणी करत असेल, तर हा रस्ता प्रामाणिक आहे.

पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. पहिली ज्ञानाची. छोट्या कोर्सात ‘दम लागला की ऑक्सिजन’ हे शिकवतात. कुणाला किती हे शिकायला वेळ पुरत नाही. सर्वसाधारण पेशंटला ९४ ते ९८ टक्क्यांचं लक्ष्य ठेवतात, पण वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने किंवा विडीने सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार झालेल्यांना ८८ ते ९२ पुरेसं असतं. त्यांना भरमसाठ ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून ते सुस्तावत जातात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आता बरं वाटून झोप लागली.

दुसरी मर्यादा कायद्याची, आणि ती प्रवेशाच्या वेळी क्वचितच कुणी सांगतं. केंद्राचा २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय आपल्या यादीत धरतो. मात्र अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत विभागलेलं किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं. चार-सहा महिन्यांचं प्रमाणपत्र या व्याख्येत बसत नाही. आज नोकरी मिळेलही, पण उद्या नोंदणी सक्तीने विचारली जाऊ लागली तर हातात पदवी किंवा पुरेशा कालावधीची पदविका असलेली बरी.

पदवी: वेळ जातो, पण कशात जातो ते बघा

पदवीचं खरं बळ इंटर्नशिपमध्ये आणि वॉर्डांच्या फिरतीत आहे. कॅज्युअल्टी, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, लेबर रूम, ॲम्ब्युलन्स अशी फिरती झालेल्या मुलाने एकाच आजाराची दहा रूपं बघितलेली असतात. ईसीजी वाचणं, औषधांची मात्रा, थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांशेजारी उभं राहून श्वासमार्ग सांभाळणं, हे इथे हाताखालून जातं. आणखी एक सवय लागते, जी माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे: पुन्हा तपासणं. अस्थिर पेशंट दर पाच मिनिटांनी, स्थिर पेशंट दर पंधरा मिनिटांनी. पहिली तपासणी उत्तम करून नंतर पेशंटकडे न फिरकणारी मुलं मी पुष्कळ बघते. वर्षभर कुणीतरी मागे उभं राहून ‘आता कसा आहे तो?’ विचारत राहिलं, तरच हे अंगवळणी पडतं.

मात्र पदवी आहे म्हणजे हे सगळं मिळेलच असं धरून चालू नका. काही ठिकाणी पोस्टिंगच्या नावाखाली मुलं ट्रॉली ढकलतात, फाइली पोचवतात आणि लॉगबुक शेवटच्या आठवड्यात एकमेकांचं बघून भरतात. अशा पदवीपेक्षा चालत्या ॲम्ब्युलन्सवर नीट शिकवलेला ईएमटी-बेसिक केव्हाही चांगला.

नोकरीचं गणित महाराष्ट्रात वेगळं आहे

आपल्याकडची १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ ॲम्ब्युलन्स होत्या: २३३ ॲडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. महाराष्ट्राने या गाड्यांवर डॉक्टर ठेवले, बहुतांशी बीएएमएस आणि बीएचएमएस झालेले. हैदराबादेत २००५ साली १०८ सुरू करणाऱ्या ईएमआरआय या संस्थेचं मॉडेल निराळं आहे. तिथे गाडीत ईएमटी असतो आणि डॉक्टर कॉल सेंटरमधून फोनवर सल्ला देतो. गोवा आणि गुजरातमध्ये हीच पद्धत चालते.

याचा परिणाम सरळ आहे. ‘कोर्स करून १०८ वर लागेन’ हे स्वप्न बघणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलाला त्या गाडीत पेशंटची जबाबदारी घेणारी जागा सहसा मिळत नाही. इथल्या जागा खासगी रुग्णालयांच्या ॲम्ब्युलन्सवर, आयसीयू ट्रान्सफरमध्ये, कॅज्युअल्टीत, कारखान्यांच्या आरोग्य केंद्रांत, मोठ्या स्पर्धांच्या वैद्यकीय पथकांत असतात. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर ईएमटी-बेसिकचं मोल वाढतं. इथेच राहायचं असेल तर रुग्णालयाच्या आत चालणारी पदवी जास्त कामाची.

परदेशाचा विचार असेल तर छोटा कोर्स पुरत नाही. ब्रिटनमध्ये पॅरामेडिक हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे, नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१८ पासून देशभर नोंदणी लागते. आपली पदवी तिथे आपोआप चालत नाही, पण पुढच्या शिक्षणाला पाया तरी होते.

बीएलएस, एसीएलएस आणि त्यांत नसलेले आपले पेशंट

बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, एसीएलएस म्हणजे हृदय बंद पडल्यावरच्या प्रगत उपचारांचा कोर्स. एक-दोन दिवसांचे हे कोर्स वरच्या दोहोंना पर्याय नाहीत, जोड आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं, मग पुन्हा करावं लागतं, आणि तेच योग्य आहे, कारण सीपीआरचा हात सरावाशिवाय बिघडतो. फक्त हे ध्यानात ठेवा की त्यांचा भर हृदयविकार आणि स्ट्रोकवर आहे. आपल्या तालुक्याच्या कॅज्युअल्टीत नाग, घोणस, फुरसे चावलेली माणसं येतात. कीटकनाशक पोटात गेलेले शेतकरी येतात: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर. त्यांचे भिजलेले कपडे काढून अंग धुतलं नाही तर विष कातडीतून शरीरात जातच राहतं, आणि हातमोजे नसतील तर तुमच्याही. कोकणातल्या विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू कमी केले, ते काम आपल्या मातीतलं आहे. जो कोर्स याबद्दल अवाक्षर काढत नाही, तो कितीही चकचकीत असला तरी महाराष्ट्रात काम करणाऱ्यासाठी अपुरा आहे.

माझं मत

वय अठरा-एकोणीस, पीसीबी झालेलं आणि घरून चार वर्षांची सोय असेल, तर पदवी घ्या. कमावणं तातडीचं असेल तर ईएमटी-बेसिक घ्या, पण दोन-तीन वर्षं कामाचा अनुभव घेऊन वरच्या शिक्षणाकडे वळायचं हे आजच ठरवून ठेवा. आधीच नर्सिंग झालेल्यांनी या दोन्हींत न पडता एसीएलएस आणि ट्रॉमाचे कोर्स करावेत. बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांसाठी इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, पुण्यात सिंबायोसिसमध्ये तो चालतो. ट्रेक नेणाऱ्यांना किंवा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांत जाणाऱ्यांना नोकरी बदलायची नसते. त्यांना चांगला प्रथमोपचार आणि बीएलएस, दरवर्षी उजळणीसह, पुरतो.

प्रवेशाआधी संस्थेत स्वतः जा आणि मागच्या बॅचच्या एखाद्या विद्यार्थ्याचं लॉगबुक दाखवायला सांगा, पेशंटची नावं झाकून. त्यात किती पेशंट स्वतः तपासले, किती वेळा ॲम्ब्युलन्समधून गेला आणि प्रत्येक नोंदीखाली कुणाची सही आहे, हे बघा. सही नेहमी एकाच माणसाची, एकाच शाईत, एकाच दिवशी केल्यासारखी दिसली तर पैसे भरू नका. विद्यापीठाची संलग्नता लेखी मागा. शिकवणाऱ्यांपैकी किती जण आजही कॅज्युअल्टीत किंवा गाडीवर काम करतात ते विचारा. जमलं तर रात्री आठनंतर त्यांच्या कॅज्युअल्टीत डोकावा: शिकाऊ मुलं पेशंटपाशी उभी आहेत की बाहेर बाकावर, ते पाच मिनिटांत कळतं.