जुनं पोस्ट ड्रिल घेताना आधी खटका बघा, गंज नंतर

जुनं पोस्ट ड्रिल, म्हणजे हँडल फिरवून धातूला भोकं पाडायचं यंत्र, दिसलं की लोक गंज बघून नाक मुरडतात. गंज निघतो हो. मी आधी हँडल सावकाश फिरवतो आणि वरच्या रॅचेटकडे, म्हणजे खटक्याने एकाच दिशेला सरकणाऱ्या दातेरी चाकाकडे बघतो. फेऱ्यागणिक खटका दाता पुढे ढकलत असेल, तर मशीन घेण्यासारखं आहे.

खांबाला किंवा भिंतीला बोल्टने आवळायचं हे बीडाचं यंत्र. अमेरिकेत चॅम्पियन, बफेलो फोर्ज, कॅनेडी-ऑटो अशा कंपन्या ती बनवायच्या. माझ्याकडच्यावरची अक्षरं झिजलीत, त्यामुळे कुळ सांगता येत नाही. रचना मात्र ओळखीचीच. हँडल फिरलं की तिरक्या दात्यांचे बेव्हल गिअर स्पिंडल, म्हणजे ड्रिल धरणारा उभा दांडा, फिरवतात. त्याच वेळी आसावरचा कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर चकती, एक दांडा हलवतो, दांड्याचा खटका रॅचेटचं चाक सरकवतो, चाकामुळे ड्रिल खाली ढकलणारा फीड स्क्रू फिरतो आणि ड्रिल खाली दाबलं जातं. समजा स्क्रूची चाल ४ मिमी आणि चाकाला ६० दाते आहेत, तर एका दात्याला ड्रिल साधारण ०.०७ मिमी उतरणार. खटका एका वेळी एक दाता घेणार की दोन-तीन, हे दांड्याची चाल कमी-जास्त करून ठरवायचं. विजेची मोटर नसताना दाब आणि फिरकी दोन्ही एकाच हातातून काढणारी ही युक्ती मला अजून थक्क करते.

दुरुस्तीत घाई नको. बीड ठिसूळ असतं, अडकलेल्या भागावर हातोडा घातलात तर कान तुटलाच म्हणून समजा. भेदक तेल, थोडी धग, पुन्हा तेल, आणि वाट बघणं. गंजासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात इलेक्ट्रोलिसिस उत्तम: गंजलेला भाग ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा. तिथे स्टेनलेस लावू नका, पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगं उतरतात. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासायचा नाही. बेअरिंगांच्या माथ्यावर तेलाची बारीक छिद्रं असतात आणि ती हमखास रंगाने बुजलेली असतात. सुईने मोकळी करा. स्क्रू स्पिंडलला दाबतो तिथलं थ्रस्ट बेअरिंगही उघडून बघा. माझ्या मशीनच्या बेअरिंगमध्ये गोळ्या होत्या, पण सुकलेल्या ग्रीसमध्ये अशा रुतलेल्या की एकही फिरत नव्हती. सगळा दाब तिथेच येतो, त्यामुळे गोळ्या बदलल्यावर हँडल एकदम हलकं झालं.

आता काम. जाड पट्टीत १२ मिमीचं भोक पाडायला हे यंत्र झकास. ड्रिलच्या मधल्या बोथट धारेने धातू कापला जात नाही, नुसता रेटला जातो, म्हणून आधी लहान भोक पाडून घ्यायचं. मग दोन्ही धारांनी लांब गुंडाळ्या निघतात आणि ड्रिल फारसं तापत नाही. पलीकडे फुटायच्या वेळी ड्रिल अडकतं. तेव्हा खटका उचलून चाक हातानेच हळू सरकवावं. ३ मिमीच्या भोकासाठी मात्र हे नकोच. वेग कमी पडतो, स्क्रूचा दाब हाताला कळत नाही, आणि बारीक ड्रिल तुटतं.

ड्रिल धरणारा चक म्हणजे नुसतं अर्ध्या इंचाचं भोक आणि एक स्क्रू. बारीक केलेल्या शँकची (चकमध्ये बसणाऱ्या मागच्या दांड्याची), सिल्व्हर अँड डेमिंग नावाने मिळणारी ड्रिलं त्यात चपखल बसतात. शँकवर चपटी जागा घासली की स्क्रूला पकड मिळते. काही जुन्या मशीनचं भोक वेगळ्या मापाचं असतं, तेव्हा ड्रिलं घेण्याआधी ते मोजा. तीन जबड्यांचा चक जोडता येतो, पण खालची उंची जाते आणि ड्रिल डगमगतं.

मला कंटाळा येतो तो भोक पडल्यावर स्पिंडल वर घ्यायचा. खटका मागे करून चाक उलटं फिरवत बसावं लागतं. टेबलही ओबडधोबड, दर वेळी गुण्या लावून बघतो.

भेगेला पितळेचं ब्रेझिंग, म्हणजे वितळलेल्या पितळेचा सांधा, असेल तर मी तेवढ्यावरून मशीन नाकारत नाही. फ्लायव्हील गायब असेल तर दुसरं जड चाक बसवता येईल. पण कॅमचा दांडा आणि खटका दोन्ही नसतील, तर ते सुट्या भागांपुरतंच घ्या.