पुरात भिजलेले अकरा फोटो आणि गणपती पेठेतलं एक दुकान

आधी पैशाचं सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका होईल. अकरा जुने फोटो दुरुस्त करून नव्या प्रिंटसकट ९,४०० रुपये, फ्रेम वेगळी. तीन आठवडे म्हणाले होते, सहा लागले. फोन उचलत नाहीत. दुपारी दोनला दुकान बंद करून जेवायला जातात ते साडेचारलाच उगवतात. तरीही मी पुन्हा तिथंच जाणार आहे.

दुकान सांगलीत, गणपती पेठेतून आत वळलं की बोळात. पाटीवरचं नाव उन्हानं गेलंय, ‘फोटो’ एवढंच वाचता येतं. शेजारच्या भडंगवाल्याला विचारलं तर तो बोट दाखवतो.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात पाणी माळ्याला टेकलं. आई, तिच्या गोळ्यांची पिशवी आणि मांजर एवढंच नावेत घेतलं. सोप्यातल्या भिंतीवरचे फोटो तिथंच राहिले.

ही भिंत आजोबांची. ते नाटक कंपन्यांत पडदा ओढायला होते. गळा नाही, रूप नाही, पण दोराला हात पक्का. त्यांनी जमवलेले नाटककार देवल आणि खाडिलकर, गायक नट केशवराव भोसले, दीनानाथ, बालगंधर्व देवांच्या वरच्या रांगेत होते. पुढं आईनं पेपरातून कापलेले निळू फुले आणि श्रीराम लागूही त्यात चिकटवले. निळूभाऊंना पडद्यावर बघताना बोटं मोडायची, आणि फोटो मात्र देवघरासमोर. लागू आपल्या साताऱ्यात जन्मलेले, म्हणून ते ‘घरचे’.

पाणी उतरल्यावर फ्रेमा उचलल्या तर आत चिखल, आणि फोटो काचेला चिकटून वाळलेले. एका पोराच्या सांगण्यावरून मी एक सोलून काढला. फोटोवरचा थर काचेवरच राहिला आणि हातात नुसता पांढरा कागद आला. खाडिलकर गेले. असा फोटो कधीही, कधीही ओढून काढू नका.

बाकीचे कपाटात गुंडाळून ठेवले. दोन वर्षांपूर्वी धीर करून दुसऱ्या शहरातल्या एका चकचकीत स्टुडिओत त्यातले दोन दिले. नाव घेत नाही. दोन्ही बालगंधर्वांचे, म्हणजे रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या नारायणराव राजहंसांचे होते. एकात नऊवारी, नथ, खांद्यावर शेला. दुसरा ‘धर्मात्मा’तल्या एकनाथांचा, १९३५ च्या प्रभातच्या चित्रपटातला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, ‘‘या आजींचं आणि या बाबांचं नातं काय?’’ मी म्हटलं, दोघं एकच आहेत. तिला ती थट्टा वाटली. चार दिवसांत फोटो हातात. नऊवारीतल्या चेहऱ्याला गुलाबी ओठ आणि साबणाच्या जाहिरातीतली कातडी. एकनाथांचे डोळे घारे. आईनं चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हे कोण गं? नारायणराव कुठायत?’’

म्हणून या बोळातल्या दुकानात जाताना मी भांडायच्या तयारीनंच गेले होते.

काकांनी (साठीचे असतील, बोटं औषधांनी पिवळी पडलेली) फ्रेमा उलट्या करून मागचे खिळे काढले, पण काचेला हात लावला नाही. पेन्सिल घेतली आणि म्हणाले, ‘‘ताई, आधी कोण कोण हायत ते सांगा. नाव, जन्म, आणि कधी गेले ते.’’

गेल्याचं साल कशाला?

‘‘कपाळावर ही रेघ हाय बघा. कागदाची घडी हाय का सुरकुती? माणूस किती वर्साचा हुता ते कळल्याबिगर ठेवायची का पुसायची, कसं ठरवू?’’

सगळ्या परीक्षणाचा ऐवज खरं तर एवढ्या एका वाक्यात आहे. दीड तास मी स्टुलावर बसून सांगत होते आणि ते फ्रेमेमागच्या पुठ्ठ्यावर लिहीत होते. दीनानाथ मंगेशकर, १९०० चा जन्म, १९१८ ला ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली, सांगलीत बिऱ्हाड होतं, आशाताईंचा जन्म इथलाच. १९४२ च्या एप्रिलमध्ये पुण्यात वारले. म्हणजे ४१ वर्षं. काकांनी कपाळावरच्या तिन्ही रेघांपुढं फुली मारली. घड्या होत्या. गोविंद बल्लाळ देवल, आपल्या हरिपूरचे, १८५५ ते १९१६. ‘‘साठीचे. म्हंजे डोळ्याखालच्या पिशव्या ऱ्हाऊ देत.’’ १८९९ साली रंगभूमीवर ‘शारदा’ आणून कोवळ्या पोरींशी लग्न करणाऱ्या म्हाताऱ्या नवरदेवांची झोप उडवणाऱ्या माणसाला तरुण करून ठेवणं तसंही बरं दिसलं नसतं. एकनाथांच्या वेषातले बालगंधर्व तेव्हा सत्तेचाळिशीचे. गालावरचा ओघळ खरा निघाला आणि राहिला. (त्या स्टुडिओनं मूळ फोटो परत दिले होते, एवढं पुण्य त्यांच्या पदरी.)

केशवरावांपाशी काका थांबले. फोटोचा डावा भाग चिखलानं खाल्लेला, एक डोळा आणि अर्धा गाल नाहीच. मी सांगितलं, १९२१ च्या जुलैत मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात बालगंधर्व नायिका भामिनी आणि हे नायक धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हे गेले, जेमतेम ३१ वर्षांचे. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘हिकडचा डोळा उलटा करून तिकडं लावता येतोय. कॉम्प्युटर दोन मिनिटांत दील. पण त्यो त्यांचा नसंल.’’ आणि लावला नाही. जिथं चेहरा नाही तिथं फोटोच्याच रंगाची साधी तपकिरी जागा ठेवली, कडा तेवढ्या स्वच्छ केल्या. सुरुवातीला मला ते अर्धवट वाटलं, पैसे द्यायला जीवावर आलं. आता भिंतीवर सगळ्यात आधी नजर तिथंच जाते.

कामाची रीत सांगते, कुणाला उपयोगी पडेल. काचेला चिकटलेले फोटो ते काचेसकट काळ्या मखमलीवर ठेवतात, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावतात, म्हणजे काच चमकत नाही, आणि कॅमेऱ्यानं टिपतात. पुढचं काम कॉम्प्युटरवर, पण ठिपका ठिपका हातानं. एकच फोटो पाण्यात घालून सोडवला, तोही ‘गेला तर गेला’ असं माझ्याकडून लिहून घेऊन. ट्रेमध्ये शुद्ध पाणी, त्यात काच पालथी, आणि आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत बघत बसलो. तासाभरानं एक कोपरा सुटला, मग हळूहळू अख्खे दीनानाथ तरंगत बाहेर आले.

नावं ठेवायची तर आहेत. लागूंच्या कात्रणात मागच्या पानावरची जाहिरात आरपार दिसते, ती पुरती गेली नाही. दोन प्रिंट गरजेपेक्षा काळपट आल्या, एक पुन्हा काढून घ्यावी लागली. रंगीत करून देत नाहीत, कितीही सांगा. फ्रेम तिथं करू नका. फ्रेमवाल्याकडून पुठ्ठ्याची चौकट घालून घ्या, म्हणजे फोटो आणि काच यांत फट राहते. पुन्हा पाणी आलं तर (येणारच) निदान चिकटणार नाहीत.

अकरावा फोटो कंपनीच्या मंडळींचा होता, पंचवीसेक माणसं. उजवी कड सडलेली. काका ती कापून चौकोन सरळ करणार होते, पेन्सिलीची रेघही मारली होती. कापायच्या आधी विचारलं, ‘‘ह्या कडंला कोण हाय? नुसता हातच दिसतोय, दोर धरलेला.’’

मी नाव सांगितलं. जन्म १९०५, गेले १९७८. काकांनी रबर घेतलं आणि रेघ पुसली.