पुण्याजवळ ड्रेसाजचे दहा लेसन्स केले, कसे वाटले ते सांगते

मी चार वर्षं हौसेने रायडिंग करतेय, वॉक ट्रॉट कॅन्टर (चालणं, दुडकी, हलकी दौड) सगळं येतं, छोट्या उड्याही मारून झाल्यात. ड्रेसाज, म्हणजे बारीकशा इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायचा प्रकार, आपल्यासाठी नाही असंच डोक्यात होतं. २०२३ ला हांगझोउच्या एशियन गेम्समध्ये आपल्या टीमने ड्रेसाजमध्ये गोल्ड मिळवलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनी आलेलं गोल्ड, तेव्हा रात्री बसून त्यांच्या राइड्स बघितल्या आणि हात किती शांत असतात ते बघून मी अक्षरशः थक्क झाले. तरी प्रत्यक्ष लेसन्स लावायला दोन वर्षं गेली.

लावले त्याचं कारण म्हणजे माझी एक जुनी तक्रार. डाव्या हाताच्या सर्कलवर घोडा कुठलाही असो, बाहेर सरकत जायचा, मी डावा लगाम ओढायचे, तो अजून बाहेर जायचा. आधीच्या क्लबात चार वर्षं मला हेच सांगितलं गेलं की घोडा हट्टी आहे, अजून जोरात ओढ.

इथे शिकवणारे निवृत्त रिसालदार (सैन्यातला एक हुद्दा) आहेत, सगळे त्यांना साहेबच म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी राणी नावाची पांढरी घोडी दिली आणि मागे उभं राहून माझ्याच फोनवर व्हिडिओ काढला. त्यात स्वच्छ दिसत होतं, डाव्या कमरेत मी घडी पडल्यासारखी दुमडलेय, डावा खांदा खाली आणि खोगीर चक्क उजवीकडे सरकलेलं. म्हणजे सगळं वजन उजवीकडे टाकून मी घोडीला डावीकडे वळ म्हणत होते, ती बिचारी वजनाखाली जात होती. साहेब म्हणाले, "मॅडम, घोडी तुमचं ऐकतेय, तुम्हीच दोन गोष्टी सांगताय." मला त्या घोडीची आणि आधीच्या सगळ्या घोड्यांची खरंच माफी मागावीशी वाटली.

मग तीन लेसन्स फक्त लंजवर, म्हणजे साहेब मधे उभे राहून लांब दोरीवर घोडी गोल फिरवणार, माझ्या हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही. मांड्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, पण मांड खरी तिथेच बसते. त्यातला एक प्रकार मला फारच आवडला. वॉकमध्ये डोळे मिटायचे आणि आतल्या बाजूचा मागचा पाय उचलला गेला की "आत्ता" म्हणायचं. पहिली दहा मिनिटं सगळं चुकलं, मग हळूहळू कळायला लागलं की घोडीचं पोट बाहेरच्या बाजूला झुलतं आणि आतल्या बाजूचं आपलं बसायचं हाड किंचित खाली जातं, तोच तो क्षण. पायाची एड (टाचेचा इशारा) तेव्हाच द्यायची, कारण पाय जमिनीवर टेकून त्यावर वजन असताना घोडा तो हलवणार कसा? चार वर्षं मी कधीही टाच मारत होते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

हातांचं पण तसंच. साहेबांनी लगामाचं बिटाकडचं (घोड्याच्या तोंडात असते त्या कडीकडचं) टोक स्वतःच्या मुठीत धरलं, मला डोळे मिटायला लावले आणि गप्पा मारायला सुरुवात केली. मी बोलायला लागले की माझा उजवा हात दर वेळी हिसका देतो, हे त्यांना मुठीत जाणवलं आणि त्यांनी मला सांगितलं. तोच हिसका घोडीच्या तोंडात रोज बसत असणार.

सहाव्या लेसनला हाफ हॉल्ट, म्हणजे घोड्याला न थांबवता क्षणभर सावरून घ्यायचा इशारा. उंच बसायचं, मांड्या जवळ, बाहेरच्या हाताची मूठ एक क्षण आवळायची आणि लगेच सोडायची, सोडणं जास्त महत्त्वाचं. सातव्याला वीस मीटरच्या डाव्या सर्कलवर आतला लगाम जवळजवळ सैल होता, बाहेरचा लगाम आणि बाहेरचा पाय भिंतीसारखे, आणि राणी एका रेषेत फिरली. तिने नाकातून लांब फुर्र केलं, मान खाली सोडली. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

आता उणं. अरिना (रायडिंगचं मैदान) २० बाय ४० मीटरचा आहे, पूर्ण मापाचा २० बाय ६० चा नाही, कुठे काय करायचं ते दाखवणारी कडेची अक्षरं ड्रमवर रंगवलेली. पाऊस झाला की चिखल होतो, माझे दोन लेसन्स ऐनवेळी रद्द झाले, पैसे पुढे धरले पण फोन सकाळी सहाला आला तेव्हा मी अर्ध्या रस्त्यात होते. ड्रेसाजचं खोगीर एकच आहे आणि ते उंच माणसाच्या मापाचं, मला पहिले दोन दिवस त्रास झाला, मग त्यांनी साधं दिलं. फी साध्या रायडिंगच्या जवळजवळ दुप्पट, पण पंचेचाळीस मिनिटं साहेब फक्त तुमच्याकडेच बघत असतात. घोडे छान ठेवलेत, सईस लोक प्रेमाने वागतात, लेसननंतर राणीला गाजर द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

सकाळचा पहिला स्लॉट घ्या, नऊनंतर ऊन लागतं आणि घोडेही कंटाळतात. आणि बुकिंग करतानाच स्वतःहून सांगा की पहिले तीन लेसन्स लंजवर द्या, कारण बरेच जण ते नको म्हणतात म्हणून आता विचारल्याशिवाय देत नाहीत.