ईमॅक्स ३०: शॉर्टकट सापडतात, पॅकेजं मात्र शोधावीच लागतात

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या ३०व्या आवृत्तीत नवशिक्यांसाठी सर्वांत मोलाची भर म्हणजे विच-की, पुढे कोणते शॉर्टकट दाबता येतील ते दाखवणारं पॅकेज (जोड-प्रोग्रॅम). आधी हे पॅकेज वेगळं बसवावं लागायचं, आता सोबतच येतं. पण ते आपोआप चालू होत नाही, आणि घोडं तिथेच अडतं: ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांना ते आहे हेच कळत नाही.

ऑल्ट-एक्स दाबून विच-की-मोड लिहा. मग कंट्रोल-एक्स दाबून थांबलात, की सेकंदाभरात पुढचे सगळे शॉर्टकट नावांसह खाली दिसतात. यादी मावली नाही तर कंट्रोल-एच आणि मग एन दाबा, पुढचं पान येतं. असा चालू केलेला मोड ईमॅक्स बंद करताच जातो, म्हणून इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचली जाणारी सेटिंग्जची फाइल) त्याची ओळ घालाच. थांबा कमी करायचा तर विच-की-आयडल-डिले ०.३ करा, तेही मोड चालू करणाऱ्या ओळीच्या आधी. शून्य ठेवू नका, त्याने अडचणी येऊ शकतात. उबंटू २४.०४ या लिनक्सच्या भांडारात ईमॅक्स २९ आहे; तिथे विच-की जीएनयू एल्पा या ईमॅक्सच्या पॅकेज-भांडारावरून घ्यावं लागेल.

ऑल्ट-शिफ्ट-एक्स फार कमी जण वापरतात, हे खरंच वाईट. २८व्या आवृत्तीपासून असलेला हा शॉर्टकट हजारो कमांड बाजूला सारून फक्त उघड्या बफरला (समोरच्या फाइलला किंवा मजकुराला) लागू पडणाऱ्या कमांड पुढे ठेवतो. जोडीला व्हर्टिको आणि मार्जिनेलिया ही पॅकेजं बसवा, म्हणजे प्रत्येक कमांडशेजारी एका ओळीत तिचं काम वाचता येतं.

पॅकेजांची बाजू मात्र लंगडी आहे. ऑप्शन्स मेनूतल्या ‘मॅनेज ईमॅक्स पॅकेजेस’मध्ये लांबलचक यादी उघडते; कोणतं पॅकेज किती जण वापरतात याचा पत्ता नाही, चित्रंही नाहीत. तिरकी रेघ आणि डी दाबून वर्णनात शब्द शोधता येतो, पण तो शब्द आधी सुचायला हवा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये नव्या प्रोग्रॅमिंग भाषेची फाइल उघडली की एक्स्टेन्शन सुचवलं जातं. इथे रस्ट भाषेची फाइल उघडा: रंग नाहीत, सूचनाही नाही. रस्ट-मोड हे त्यासाठीचं पॅकेज नॉनजीएनयू एल्पा या दुसऱ्या भांडारात आहे, ते भांडार मुळातच जोडलेलं आहे, तरीही ईमॅक्स ते सांगत नाही.

बसवण्यासाठी पॅकेजवर आय, मग एक्स. ‘नॉट फाउंड’ आलं तर बहुधा यादी शिळी झालेली असते आणि ती आवृत्ती सर्व्हरवरून गेलेली असते; पॅकेज-रिफ्रेश-कन्टेन्ट्स चालवून पुन्हा बसवा.