पॅसाडीनाची बंगलो हेवन होम टूर: एचओएवाल्यांनी तर बघावीच

दक्षिण कॅलिफोर्नियात पाहुणे आले की आपल्या मराठी मंडळींची यादी ठरलेली असते, डिस्नी, हॉलीवूडची ती पाटी, सांता मोनिकाचा पिअर, वेळ उरला तर मालिबूचं देऊळ, मग पाहुणे दमतात आणि आपण त्यांच्याहून जास्त दमतो. त्या यादीत एक भर घाला. लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडीनात बंगलो हेवन नावाचा भाग आहे, तिथल्या रहिवाशांची असोसिएशन एप्रिलमध्ये, बहुतेक शेवटच्या रविवारी, होम टूर ठेवते. तिकीट काढायचं, नकाशा घ्यायचा आणि निवडक घरं आतून बघत चालत फिरायचं. ही घरं राहती आहेत बरं का, दोरी लावून ठेवलेली म्युझियमं नाहीत, आतमध्ये लोकांचे फ्रिजवरचे मॅग्नेट, मुलांच्या सायकली, मांजराचं ताट सगळं असतं.

मी घरं बघायला गेले होते आणि घरं सुंदरच आहेत, पण माझं मन अडकलं ते असोसिएशनमध्ये. त्याबद्दल पुढे लिहिते, आधी घरं.

हा भाग लेक अॅव्हेन्यूच्या पूर्वेला, ऑरेंज ग्रोव्ह आणि वॉशिंग्टन या दोन मोठ्या रस्त्यांच्या मधे येतो. 800 च्या वर घरं, बरीचशी 1900 ते 1930 च्या काळात बांधलेली, क्राफ्ट्समन पद्धतीची. क्राफ्ट्समन म्हणजे कसं, तर बुटकं घर, उताराचं पसरट छप्पर, पाखं भिंतीच्या चांगली पुढे आलेली आणि त्याखाली छपराचे वासे मुद्दाम उघडे ठेवलेले, ते झाकायचे नाहीत, उलट मिरवायचे. पुढे ऐसपैस पोर्च, त्याचे खांब खाली जाड आणि वर निमुळते. पोर्चला आणि चिमणीला गोल गोल दगड लावलेले दिसतात, ते इथल्याच अरोयो सेको नदीच्या पात्रातले गोटे. काही ठिकाणी भट्टीत जास्त भाजून वेड्यावाकड्या झालेल्या काळपट विटा आहेत, आपल्याकडचा गवंडी बाजूला फेकून देईल अशा, पण इथे त्या हौसेने वापरल्यात आणि खरं सांगते, दिसतात छान.

आत गेलं की लाकूडच लाकूड. डायनिंगच्या भिंतीतच बसवलेलं काचेच्या दारांचं कपाट, शेकोटीच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं, खिडकीखाली बसायला बाक. माझ्या सासूबाई बरोबर होत्या, ते कपाट उघडून बघायचं त्यांच्या फार मनात होतं पण त्या घरच्या स्वयंसेविका समोर उभ्या होत्या म्हणून बिचाऱ्या हात मागे बांधून फिरल्या. शेकोटीला बॅचेल्डरच्या टाइल्स असतील तर घरमालक त्याविषयी बोलतात बोलतात आणि बोलतच राहतात. अर्नेस्ट बॅचेल्डर हा इथलाच, 1910 च्या सुमाराला त्याने पॅसाडीनातच स्वतःच्या घरामागे भट्टी लावून टाइल्स करायला घेतल्या, मातकट रंग, मोर, वेली, जहाजं असली नक्षी. जुन्या सरकत्या खिडक्याही नीट बघा, त्यांची वजनं भिंतीच्या आत दोरीला टांगलेली असतात, खिडकी वर ढकलली की वजन खाली जातं आणि ती आहे तिथे राहते. वीज नाही, स्प्रिंग नाही, शंभर वर्षं चाललंय.

आणि ही घरं श्रीमंतांसाठी बांधलेली नव्हती हे सगळ्यात भारी. त्या काळी कॅटलॉगमधून नकाशे विकत मिळायचे, लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक रेडी-कट होम्ससारख्या कंपन्या तर कापून तयार केलेलं सगळं लाकूडच पाठवायच्या, सुतार बोलवा आणि उभं करा. साध्या नोकरदार माणसाला परवडावं म्हणून काढलेला प्रकार. श्रीमंतांसाठीचा क्राफ्ट्समन बघायचा असेल तर त्याच गावात गॅम्बल हाउस आहे, 1908 चं, ग्रीन बंधू या आर्किटेक्टांनी केलेलं, तिथलं तिकीट वेगळं. ते बघून तोंडात बोट जातं, पण राहावंसं वाटतं ते बंगलो हेवनमध्ये. दोन्ही एकाच दिवशी उरकायला जाऊ नका, लाकूड बघून बघून डोळे थकतात आणि नंतर सगळं सारखंच दिसायला लागतं.

आता असोसिएशन.

1980 च्या दशकात या भागाची अवस्था काही फार बरी नव्हती. जुनी घरं पाडून तिथे डब्यासारखी अपार्टमेंट उभी राहायला लागली होती. असंच एक घर गेलं आणि शेजारी जागे झाले, एकत्र बसले, सिटी हॉलच्या मागे लागले आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर 1989 मध्ये बंगलो हेवन पॅसाडीनाचा पहिला लँडमार्क डिस्ट्रिक्ट, म्हणजे सिटीने जपायचा ठरवलेला जुन्या घरांचा भाग, झाला. 2008 मध्ये नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे देशातल्या ऐतिहासिक ठिकाणांच्या सरकारी यादीत, नाव लागलं आणि 2009 मध्ये अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशनने देशातल्या उत्तम नेबरहुडच्या यादीत घेतलं. हे सगळं कुठल्या बिल्डरने किंवा पुढाऱ्याने नाही, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मिटिंगा करणाऱ्या माणसांनी केलंय.

आमच्यासारखे लोक, जे एचओएच्या (होमओनर्स असोसिएशन, घरमालकांची सक्तीची सोसायटी) राज्यात राहतात, त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. आमच्या कम्युनिटीत दर महिन्याला तीनशेच्या वर डॉलर जातात, ते भरणं सक्तीचं, आणि त्या बदल्यात आम्हाला काय मिळतं तर पत्रं. गराजचं दार जास्त वेळ उघडं होतं, पत्र. दाराला तोरण लावलं, दिवाळी होऊन दोन आठवडे झाले, पत्र. आकाशकंदिलाला त्यांनी 'अनअप्रूव्ह्ड लाइट फिक्श्चर' म्हटलं होतं, ते पत्र मी जपून ठेवलंय. शेजारी कोण राहतं ते मात्र अजून धड माहीत नाही, फक्त त्यांची गाडी ओळखते.

बंगलो हेवनची असोसिएशन म्हणजे एचओए नाही. सभासद व्हायची सक्ती नाही, वाटलं तर व्हा. असोसिएशन कुणाला दंड करू शकत नाही. नियम आहेत पण ते सिटीचे आहेत, रस्त्यावरून दिसणाऱ्या बाहेरच्या भागात मोठा बदल करायचा असेल तर सिटीकडून मंजुरी घ्यावी लागते, आत तुम्ही किचन कसंही करा. रंगांचं म्हणाल तर एकाच रस्त्यावर शेवाळी, विटकरी, मोहरीसारखं पिवळं आणि एक जांभळट घर बघितलं आणि आमच्या तीन मंजूर बेज रंगांची आठवण येऊन पोटात कालवलं.

मग असोसिएशन करते काय, तर लोकांना एकत्र आणते. ही टूर हेच त्याचं मोठं उदाहरण, दारात उभे राहून माहिती सांगणारे, तिकीट बघणारे, रस्ता दाखवणारे सगळे स्वयंसेवक, बरेचसे आजूबाजूच्याच घरात राहणारे. आपल्याकडे सार्वजनिक गणपतीत असतं ना, बँकेतले साहेब सतरंजी झटकतात आणि कॉलेजची पोरं हिशोब लिहितात, तसला माहोल. टूरचा पैसा पुन्हा त्याच भागाच्या कामाला लागतो. मधोमध मॅकडोनाल्ड पार्क आहे (बर्गरवाल्यांशी काही संबंध नाही, माझ्या मुलीची घोर निराशा झाली), तिथे झाडाखाली बसून बघितलं तर येणारा जाणारा एकमेकांना नावाने हाक मारत होता.

पोर्चचं यात मोठं काम आहे असं माझं मत. आमच्याकडे घराचं तोंड म्हणजे गराज, बटण दाबलं, गाडी आत, दार बंद, माणूस गायब. इथे गराज मागे, परसात, आणि रस्त्याकडे तोंड करून ओटा. संध्याकाळी माणूस ओट्यावर बसला की त्याला रस्त्यावरच्या माणसाशी बोलावंच लागतं, असोसिएशन मग आपोआप होते. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या प्रभात रोडच्या गल्लीत असंच होतं गं, आता सगळे बाराव्या मजल्यावर." त्यावर मी काही बोलले नाही कारण त्यांच्याच बंगल्याचं रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि तो विषय घरात काढायचा नसतो.

सगळंच गुलाबी आहे असं नाही. जुन्या लाकडी खिडक्यांतून थंडीत वारा येतो, पण रस्त्यावरून दिसणारी खिडकी काढून स्वस्तातली प्लॅस्टिकची बसवू म्हणाल तर सिटी सहजासहजी हो म्हणणार नाही, आणि लाकडी दुरुस्तीला चांगला सुतार म्हणजे किती पैसे ते अमेरिकेत राहणाऱ्याला सांगायला नको. भूकंपाची भीती वेगळीच, जुनी विटांची चिमणी आणि पायाला नीट न जखडलेलं घर हे दोन्ही धोक्याचे, घर पायाला बोल्टने बांधून घ्यायला राज्याचं 3,000 डॉलरपर्यंतचं अनुदान आहे पण काम करून घ्यायला लागतंच. दिलासा म्हणजे मिल्स अॅक्ट हा राज्याचा कायदा, सिटीबरोबर दहा वर्षांचा, दरवर्षी आपोआप वाढत जाणारा करार करायचा, घर जपायचं, बदल्यात प्रॉपर्टी टॅक्स कमी होतो. आणि मुख्य गोम अशी की साध्या माणसासाठी बांधलेली ही घरं आज मिलियन डॉलरच्या पुढे गेलीत. घरं वाचली, पण ती बांधणारा सुतार आज तिथे भाड्यानेही राहू शकला नसता. याला असोसिएशन काय करणार असं कुणी म्हणेल, बरोबर आहे, पण मला ते खटकलं म्हणून लिहिलं.

अजून एक. जानेवारी 2025 मध्ये ईटनची आग लागली, ती उत्तरेला लागून असलेल्या अल्टाडीनात, 9,000 च्या वर इमारती गेल्या, त्यात याच काळातली, याच धाटणीची कितीतरी घरं होती. बंगलो हेवन वाचलं. आता तिथल्या रस्त्यावरून उत्तरेकडे डोंगर दिसतात तेव्हा नुसता व्ह्यू म्हणून बघवत नाही. अशा जुन्या घरांच्या टाइल्स, दारं, कड्या यांची किंमत इथल्या लोकांना आता वेगळ्याच अर्थाने कळलीये.

जाणार असाल तर: सपाट, मऊ तळाचे बूट घाला, शंभर वर्षांच्या लाकडी फरशीवर टोकदार टाचा नेऊ नका. पोर्चला पायऱ्या असतात आणि आतले जिने अरुंद, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सगळी घरं करायचा हट्ट धरू नये, सासूबाई दोन घरांनंतर पार्कमध्येच बसल्या आणि तिथे त्यांनी एका बाईंकडून लिंबाच्या झाडाचं कलम कसं करायचं ते शिकून घेतलं, इंग्लिश येत नाही म्हणतात! ऊन एप्रिलमध्येही लागतं, पाणी ठेवा. मेट्रोने आलात तर ए लाइनवर लेक स्टेशन, तिथून उत्तरेकडे चालत वीस-पंचवीस मिनिटं, नाहीतर गाडी एकदा लावा आणि पायीच फिरा. लहान मुलांना दोनतीन घरांनंतर कंटाळा येतो, पार्कमध्ये झोके आहेत. टूर चुकली तरी एरवी कधीही बाहेरून चक्कर मारता येते, फुटपाथवरून बघायला तिकीट नाही, फक्त कुणाच्या पोर्चवर चढू नका.

माझ्याकडून 5 पैकी साडेचार. मी घरी आल्यावर आमच्या एचओएच्या मिटिंगमध्ये ब्लॉक पार्टीचा विषय काढला, त्यांनी इन्शुरन्सचा फॉर्म पाठवलाय, अकरा पानी आहे.